जुन्या हॅचबॅकचे प्रश्न: क्लच, कूलंट आणि पायाखालचं पाणी

या वेळची बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत, आणि बहुतेक सात ते बारा वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकबद्दल. मीटरवर किती किलोमीटर झाले हे प्रत्येकाने कळवलंय. गाडी रोज किती वेळ चालू असते हे मात्र कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये खरा हिशेब वेळेचा असतो, म्हणून ऑइलच्या उत्तरात तो करून दाखवलाय.

प्रश्न : २०१६ची वॅगनआर, ७२,००० किलोमीटर झालेत. रोज घोडबंदर रोडने बोरिवलीला जाणं-येणं. गायमुखचा घाट चढताना रेस वाढते, पण गाडी उचलत नाही. मेकॅनिक पूर्ण क्लच सेट बदलायला सांगतो. केबल ॲडजस्ट करून भागेल का?
— वाचक, कासारवडवली

क्लच स्लिप होतोय, म्हणजे क्लच प्लेट नीट पकडत नाही, सरकतेय, यात शंका नाही. केबलने भागेल की नाही, हे पाच मिनिटांत कळतं. इंजिन बंद ठेवून क्लचचं पेडल हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला साधारण बोटभर जाडीइतकं ते मोकळं जायला हवं, जोर नंतर लागला पाहिजे. हे 'फ्री प्ले' उरलंच नसेल, तर पेडलवर पाय नसतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट घट्ट धरणारी प्लेट) थोडं दाबून धरतं आणि चांगली क्लच प्लेटसुद्धा सरकते. प्लेट झिजते तसतसा फ्री प्ले कमी होतो. त्यामुळे अशा वेळी केबल ताणायची नसते, सैल करायची असते. बरेच जण नेमकं उलटं करतात. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट आहे, काम तिथेच होतं.

फ्री प्ले बरोबर असूनही रेस वाढत असेल तर दुसरी चाचणी करा. सपाट, मोकळी जागा, इंजिन गरम. हॅण्डब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि किंचित रेस देत क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट अजून पकडतेय. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन निवांत चालत राहिलं तर प्लेट गेली. ही चाचणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळेल.

बदलायची वेळ आलीच तर मेकॅनिकचं ऐका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच पडते, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत. त्यातलं बेअरिंग सगळ्यात स्वस्त. ते जुनंच ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात शहाणपण नाही. गिअरबॉक्स खाली असताना स्वतः जाऊन दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे क्रँकचं मागचं ऑइल सील. तिथे ओल दिसली तर ते लगेच बदलून घ्या, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल येईल आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरेल. दुसरी म्हणजे फ्लायव्हीलचा, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर पकडते त्या इंजिनच्या जड चकतीचा, चेहरा. निळे डाग, बारीक तडे किंवा नख अडकेल अशी खाच असेल तर नुसता पॉलिश पेपर मारून चालत नाही, लेथवर घासून सपाट करून आणावा लागतो. जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेट घासले गेलेले दिसले तर निदान बरोबर होतं.

नवी प्लेट किती टिकेल, हे तुमच्या डाव्या पायावर आहे. घाटातल्या जॅममध्ये हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं हेच प्लेट जळण्याचं मुख्य कारण. थांबलात की न्यूट्रल आणि हॅण्डब्रेक. पुढच्याला एक-दीड गाडी अंतर जाऊ द्या आणि मग एका दमात जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीवाल्यांनाही हेच लागू आहे. आत क्लच तोच असतो, फक्त तो दाबणारं यंत्र वेगळं. चढावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी धरून ठेवली की प्लेट तशीच जळते.

प्रश्न : वर्षाला जेमतेम ६,००० किलोमीटर होतात. सर्व्हिस १०,०००ला आहे, मग ऑइल दीड वर्षाने बदललं तर चालेल? शिवाय ऑइलच्या टोपीखाली दुधाळ थर दिसतोय, हेड गॅस्केट गेलं का?
— वाचक, कोपरखैरणे

नाही चालणार. मॅन्युअलमध्ये '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं असतं आणि लोक पुढचा अर्धा भाग वाचत नाहीत. हिशेब करून पाहा. ताशी सरासरी १५ किलोमीटरने ६,००० किलोमीटर म्हणजे इंजिन ४०० तास चाललं. एक्स्प्रेसवेवर ताशी ६० ने १०,००० किलोमीटर केले तर १७०सुद्धा तास होत नाहीत. तुमच्या ऑइलने दुपटीहून जास्त काम केलंय, तेही इंजिन नीट तापत नसलेल्या छोट्या फेऱ्यांमध्ये.

दुधाळ थराचं कारणही बहुधा तेच. थंड इंजिनात हवेतली वाफ धरते आणि तीन-चार किलोमीटरच्या फेरीत ती उडून जाण्याइतकं ऑइल तापत नाही. पावसाळ्यात हे फार दिसतं. हेड गॅस्केटची (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) शंका तेव्हा घ्या, जेव्हा कूलंट कमी होत असेल, डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा दुधाळ असेल किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहील. यातलं काहीच नसेल तर टोपी पुसा आणि आठवड्यातून एकदा पाम बीच रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवा. थर पुन्हा आला नाही तर विषय संपला.

ऑइल घालताना ग्रेड, म्हणजे जाडी दाखवणारा आकडा, मॅन्युअलचाच. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांना ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ ऑइल लागतं. 'गाडी जुनी झाली, आवाज करते, जाड घालू' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारे मेकॅनिक अजून आहेत. जाड ऑइल सकाळी वर पोहोचायला वेळ लावतं, आणि तेवढ्या वेळात टायमिंग चेनचा टेन्शनर आणि कॅम कोरडे घासतात. या इंजिनांत साधारण तीन लिटर ऑइल मावतं, पण आकड्यावर विसंबू नका. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पातळी हवी. वरच्या खुणेच्या वर गेलं तर फेस होतो, तेही वाईटच. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा, आणि फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून हाताने टेकेपर्यंत आवळल्यावर पाऊण फेरा. पाना लावून पिळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

जाता जाता: तुमची गाडी जुनी सँट्रो झिंग किंवा ८०० सीसीची आधीची ऑल्टो असेल तर तिला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची नोंद हातात नसेल तर बदललेला नाही असंच समजा, आणि टेन्शनरसकट बदला.

प्रश्न : डाव्या सीटसमोरच्या पायपुसण्याखाली सतत पाणी साचतं. दोनदा गाडी उन्हात वाळवली, पुन्हा तेच. वास सुटलाय.
— वाचक, नेरुळ

पाणी कुठून येतंय हे ठरवल्याशिवाय वाळवून उपयोग नाही. आधी बोट बुडवून पाहा. चिकट, हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. अशा वेळी समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. पाणी स्वच्छ असेल आणि पाऊस नसताना, फक्त एसी लावल्यावर येत असेल, तर एसीची ड्रेन पाइप तुंबली आहे. एसी चालू असताना गाडीखाली डाव्या बाजूला थेंब पडायला हवेत. ते पडत नसतील तर पाणी आत उतरतंय. इंजिनच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेली रबरी नळी खालून हाताला लागते. तिच्या तोंडातून कमी दाबाची हवा मारली की शेवाळी गाळ बाहेर पडतो. आत तार खुपसू नका, कूलिंग कॉइलला छिद्र पडलं तर मोठा खर्च.

पाऊस पडल्यावरच पाणी येत असेल तर वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी उघडा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे गुलमोहराची आणि सोनमोहोराची बारीक पानं, पाकळ्या कुजून लगदा झालेला असतो. दोन्ही कोपऱ्यांतली भोकं बुजली की पाणी वर चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. तो लगदा काढून एक तांब्या पाणी ओतलं आणि ते चाकामागून झरझर बाहेर आलं, तर काम झालं. तरीही ओल राहिलीच तर दाराच्या आतल्या पॅनेलमागचं प्लास्टिक पाहा. स्पीकर बसवताना ते फाडून ठेवलेलं असतं. कुणाला तरी आत बसवा आणि बाहेरून नळीने पाणी मारा, खालपासून वर, एका वेळी एकच जागा. एकदम सगळीकडे मारलं तर काहीच कळत नाही.

वाळवताना कार्पेट उचलणं भाग आहे, कारण त्याखालचा जाड फोम आठवडाभर पाणी धरतो आणि पत्रा आतून गंजतो. सीट काढायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा. सीटखाली एअरबॅगचे किंवा सीटबेल्टचे कनेक्टर असू शकतात आणि ते चालू इग्निशनवर काढले की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. शेवटी एसीचा केबिन फिल्टर बदला. वास निम्मा त्यातलाच असतो.

प्रश्न : एमएच-४३ (नवी मुंबई) पासिंगची २०१४ची हॅचबॅक घ्यायची आहे. 'फर्स्ट ओनर, ४०,००० किलोमीटर' असं सांगतात. मी ठाण्यात राहतो. काय तपासू?
— वाचक, पाचपाखाडी

मीटरवर विश्वास ठेवू नका, झिजलेल्या जागांवर ठेवा. क्लच-ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकणारं, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलेली आणि मीटर ४०,०००, असं जमत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की मागच्या सर्व्हिसचे किलोमीटर कळतात. मालकालाच ती हिस्ट्री काढून आणायला सांगा. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

जाताना 'इंजिन चालू करून ठेवू नका' असं आधीच कळवा आणि पोचल्यावर बोनेटवर हात ठेवून पाहा. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवरची खडखड बहुतेकदा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची असते. तो खर्च फार नाही, किंमत पाडायला उपयोगी.

अपघात आणि पूर ही दोन मोठी दुखणी. पुढच्या फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर फेंडर निघालेला आहे. रेडिएटरच्या आडव्या पट्टीवर कारखान्याचे गोल स्पॉट वेल्ड एका ओळीत हवेत. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला मातीची रेघ राहते. स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहा, डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटना गंज आहे का तेही. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा-सात वर्षांचे टायर असतील तर चार टायरचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

कागदपत्रांत: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. राज्य तेच असल्यामुळे नंबर एमएच-४३चाच राहील. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०१४ची गाडी २०२९ला फिटनेसला न्यावी लागेल आणि महाराष्ट्रात तेव्हा पर्यावरण करही भरावा लागतो. किंमत ठरवताना हे धरा. गाडी एप्रिल २०१९च्या आधीची आहे, तेव्हा हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का ते पाहा. थकलेली ई-चलानं व्यवहाराआधी मालकालाच भरायला लावा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल. जुना फास्टॅग बंद करून आपल्या नावाचा घ्या. तो राहिला तर पुण्याला जाताना टोल जुन्या मालकाच्या खात्यातून जाईल आणि फोन तुम्हाला येतील.

प्रश्न : माजिवड्याच्या जॅममध्ये टेम्परेचर वर जातं, पुढे रस्ता मोकळा मिळाला की खाली येतं. कूलंटऐवजी पाणी घालत असतो.
— वाचक, बाळकुम

वेगात हवा आपोआप लागते, जॅममध्ये ती फक्त फॅन देतो. म्हणून पहिला संशय रेडिएटर फॅनवर. इंजिन चालू करून एसी लावा, फॅन लगेच किंवा काही सेकंदांत फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग मोटर या क्रमाने पाहा. शेजारचा तसलाच रिले काढून इथे लावून बघणं ही फुकटातली चाचणी. उलट हायवेवरच तापत असती तर संशय थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा आतून बुजलेल्या रेडिएटरवर गेला असता.

पाणी सारखं घालावं लागतंय म्हणजे गळती आहे. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, होजचे क्लिप आणि वॉटर पंपाखाली वाळलेला पांढरा किंवा गुलाबी थर शोधा. रेडिएटरची टोपीही तपासा, तिची स्प्रिंग गेली तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. नळाच्या पाण्याने आत क्षार धरतो आणि गंज चढतो. गळती काढल्यावर सगळं पाणी सोडा, तयार कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा आणि आत अडकलेली हवा काढायला विसरू नका. इंजिन गरम असताना टोपी उघडायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

प्रश्न : जुन्या गाडीला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. पेट्रोलवर छान, सीएनजीवर मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं.
— वाचक, घणसोली

पेट्रोलवर छान चालते म्हणून प्लग चांगले, असं होत नाही. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे प्लगचा गॅप वाढला किंवा इग्निशन कॉइल कमजोर झाली की तक्रार आधी सीएनजीवरच दिसते. आधी प्लग बदला, मग एअर फिल्टर, मग सीएनजीचा लो प्रेशर फिल्टर. तो वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही आणि त्यात कॉम्प्रेसरचं तेल साचतं. त्यानंतरही मिसिंग राहिलं तर गॅस इंजेक्टर आणि ट्यूनिंग. गाडी पेट्रोलवर सुरू करा, टाकीत पाव भाग पेट्रोल कायम ठेवा, पंप त्यातच थंड होतो.

किट आरसीवर आणि इन्शुरन्सवर चढवलेलं आहे का? नसेल तर आधी ते काम. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख उलटली तर पंपावर गॅस मिळणार नाही आणि ते योग्यच आहे. साबणाच्या पाण्याने जोड तपासणं घरी करा, पण हाय प्रेशर पाइपला पाना लावायचं काम अधिकृत सेंटरवाल्याचंच.

प्रश्न : पावसात रस्त्यावर पाणी साचलं असताना गाडी बंद पडली तर?
— वाचक, नौपाडा

पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत क्लेम बहुतेक नाकारला जातो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. इग्निशन बंद, शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी ढकलून किंवा टो करून न्या. वंदना डेपोजवळ साचतं तसलं पाणी दिसलं तर पाण्याची उंची नुसती पाहून ठरवू नका. शेजारून टीएमटीची बस गेली की लाट बोनेटपर्यंत येते आणि हॅचबॅकचा एअर इनटेक फार उंचावर नसतो.

प्रश्न : सोसायटीत खाली पार्किंग आहे. उंदरांनी दोनदा वायरी कुरतडल्या.
— वाचक, कामोठे

पार्किंगमधला कचऱ्याचा डबा हलवल्याशिवाय फवारे आणि गोळ्या तात्पुरत्याच. डांबरगोळ्या इंजिनजवळ कापडात बांधून ठेवल्या तरी उष्णतेने लवकर उडून जातात आणि वास केबिनमध्ये येतो. बारीक लोखंडी जाळी ब्लोअरच्या हवेच्या तोंडावर आणि एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडावर बसवून घ्या. गाडी रोज निघत नसेल तर रात्री बोनेट थोडं उघडं ठेवण्याचा उपायही लोक करतात. उंदराला अंधारी, उबदार जागा हवी असते. कुरतडलेली वायर पिळून नुसती टेप लावून देऊ नका, सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब चढवायला सांगा. पावसाळ्यात टेपखाली पाणी शिरतं, आतलं तांबं हिरवं पडतं आणि चेक इंजिनचा दिवा दोन महिन्यांनी पुन्हा लागतो.

प्रश्न : पंधरा दिवस गावी जाऊन आलो, गाडी जागची हलेना. मागचं चाक जाम.
— वाचक, कळवा

हॅण्डब्रेक ओढून, ओली गाडी उभी केली होती. मागच्या ब्रेकच्या ड्रमच्या आत लायनर गंजून चिकटतो. जोरात रेस देऊन सुटतो खरा, पण कधी लायनर ब्रेक शूपासून उखडून येतो. चाक काढून ड्रमवर लाकडाच्या ठोकळ्याआडून हलके ठोके द्या. पुढच्या वेळी गाडी धुऊन किंवा पावसातून आणलीत तर आधी दोन-तीन वेळा ब्रेक मारून सुकवा, मग पहिल्या गिअरमध्ये, चाकाला विटा लावून, हॅण्डब्रेक सोडून ठेवा.